सापडलेल्या नऊशे जागांचं काय करायचं?

जीवाणूच्या जीनोममध्ये नियंत्रक प्रथिनं नेमकी कुठं जाऊन बसतात, याचा संगणकावर अंदाज बांधायचा प्रकल्प आता एमएस्सीच्या शेवटच्या सत्रातले विद्यार्थीही घेतात. घ्यावाच. जीनोम फुकट मिळतो, सॉफ्टवेअर फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर काम होतं आणि संध्याकाळपर्यंत यादी हातात येते. अडचण तिथूनच सुरू होते. यादीत नऊशे-साडेनऊशे जागा असतात आणि ‘इतकी संभाव्य बंधनस्थळं आढळली’ असं वाक्य थेट प्रबंधात जाऊन बसतं. तोंडी परीक्षेत मग एकच प्रश्न पुरतो: त्या जीनोममध्ये एकही खरी जागा नसती, तर यादी केवढी आली असती?

हिशोब सोपा आहे. ई. कोलाय के-१२ या जीवाणूच्या एमजी१६५५ वाणाचा जीनोम ४६,४१,६५२ बेसचा. दोन्ही धागे धरले तर तपासायच्या जागा सुमारे ९३ लाख. फिमो या नेहमीच्या प्रोग्राममध्ये आपण काही बदललं नाही, तर पी-व्हॅल्यूचा कटऑफ एक दशसहस्रांश असतो. ९३ लाखांचा दहा हजारावा भाग म्हणजे साधारण ९३०. म्हणजे नऊशे जागा हा निकाल नव्हेच, तो कटऑफचा प्रतिध्वनी आहे. त्यात भर म्हणजे मोटिफ, म्हणजे शोधायचा नमुना, पलिंड्रोम असेल, दोन्ही धाग्यांवरून सारखाच वाचता येत असेल, तर बहुतेक जागा यादीत दोन-दोनदा येतात. त्या आधी एक करून घ्या.

हे काम शिकताना माझा आग्रह असतो की पहिला आठवडा सॉफ्टवेअरला हात लावू नये. कागद, पेन्सिल आणि लेक्स-ए एवढं घेऊन बसावं. लेक्स-ए हे ई. कोलायमधलं रिप्रेसर प्रथिन. डीएनए दुरुस्त करणाऱ्या जनुकांच्या तोंडाशी ते बसून राहतं आणि ती बंद ठेवतं. डीएनएला इजा झाली की रेक-ए प्रथिनाच्या मदतीनं लेक्स-ए स्वतःलाच तोडतं आणि ती जनुकं सुरू होतात. या एसओएस प्रतिसादात सुमारे चाळीस जनुकं येतात. लेक्स-ए जिथं बसतं त्या जागेचा गाभा पाठ्यपुस्तकात असा दिलेला असतो: सीटीजीटी, मग कुठलेही आठ बेस, मग एसीएजी.

आता मोजा. ठरलेले बेस आठ. प्रत्येक ठिकाणी चारपैकी एक, म्हणजे शक्यता ६५,५३६ मध्ये एक. ई. कोलायच्या जीनोममध्ये निव्वळ योगायोगानं हा नमुना साधारण ७१ वेळा सापडायला हवा. खऱ्या जागा त्याच्या निम्म्या-पाऊण. बरं, एवढं करून सगळ्या खऱ्या जागा तरी हाती लागतात का? रेक-ए जनुकाच्या आधीची जागा पाहा: टीएसीटीजीटीएटीजीएजीसीएटीएसीएजीटीए. नमुन्यात चपखल बसते. यूव्हीआर-बी जनुकाच्या आधीची पाहा: एएसीटीजीटीटीटीटीटीटीटीएटीसीसीएजीटीए. इथं एसीएजीच्या जागी सीसीएजी आहे. यूव्हीआर-ए च्या जागेत टीसीएजी. म्हणजे डीएनए दुरुस्तीतली दोन बिनीची जनुकं आपल्या कडक नमुन्यातून निसटली. मग एखादी चूक चालवून घेऊ म्हटलं, तर नमुन्यांची संख्या पंचवीसपट होते आणि योगायोगाच्या जागा ७१ वरून पावणेदोन हजारांच्या पुढं जातात. या कात्रीतून सुटण्यासाठीच नमुन्याच्या जागी वजनांचं कोष्टक, म्हणजे मॅट्रिक्स, वापरतात.

मॅट्रिक्स करण्याआधी एक आकडा काढून ठेवा. टॉम श्नायडर आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडलेली कल्पना अशी: जीनोमच्या एवढ्या पसाऱ्यात मोजक्या जागा ओळखू येण्यासाठी किती माहिती लागेल, ते जीनोमची लांबी भागिले जागांची संख्या याच्या दोन पायाच्या लॉगरिदमइतकं. ई. कोलायमध्ये चाळीस जागा शोधायच्या तर साधारण १७ बिट. मोटिफमधलं एक स्थान जास्तीत जास्त २ बिट माहिती देतं. तुमचं मॅट्रिक्स एकूण १० बिटांचं भरत असेल, तर ते १,०२४ मध्ये एका जागेला ‘हो’ म्हणणार, म्हणजे प्रत्येक धाग्यावर साडेचार हजार. असं मॅट्रिक्स घेऊन अख्खा जीनोम चाळण्यात अर्थ नाही. मोजक्या जनुकांपुरतंच ते वापरा, किंवा दुसरा पुरावा जोडीला घ्या. हे पहिल्या दिवशी कळलेलं बरं.

मॅट्रिक्सचा कच्चा माल म्हणजे आधीपासून माहीत असलेल्या जागा. ई. कोलायसाठी त्या मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठात खुलिओ कोयादो-विदेस यांच्या गटानं उभारलेल्या रेग्युलॉनडीबी या संग्रहात मिळतात. इतर जीवाणूंसाठी कलेकटीएफ, प्रोडोरिक, रेगप्रिसाइज आहेत. इथं घाई करू नका. प्रत्येक जागेपुढं पुराव्याची जात लिहिलेली असते, ती वाचा. डीएनेझ फूटप्रिंटिंगनं प्रथिन नेमकं कुठून कुठपर्यंत झाकतं हे पाहिलंय का? जागा बदलून बांधणी तुटते का हे तपासलंय का? की कुणीतरी प्रमोटरकडं बघून ‘इथं नमुन्यासारखं काहीतरी दिसतंय’ एवढ्यावर नोंद केली आहे? या तिसऱ्या जातीच्या नोंदी तुमच्या संचात शिरल्या, की संगणकाचा जुना अंदाज तुम्ही नव्या अंदाजाला पुरावा म्हणून वापरताय. मोटिफ छान टोकदार दिसतो, कारण तो बघूनच त्या जागा निवडलेल्या असतात. रेग्युलॉनडीबीत पुरावा कमकुवत, भक्कम की पक्का ते सांगितलेलं असतं. कमकुवत नोंदी सरळ बाहेर ठेवा. संच वीसवरून बारावर आला तरी चालेल. रेगप्रिसाइजमधल्या बऱ्याच जागा तुलनात्मक विश्लेषणातून आलेल्या आहेत, हेही ध्यानात असू द्या. आणि पाठीला पाठ लावून उलट दिशांना जाणाऱ्या दोन जनुकांच्या मधली एकच जागा दोघांच्या नावावर दोनदा नोंदलेली असते. ती एकदाच धरा.

आता एका स्थानाचं वजन हातानं काढून पाहू. समजा दहा खात्रीच्या जागा आहेत आणि तिसऱ्या स्थानावर नऊ वेळा टी, एकदा ए आहे. सी आणि जी एकदाही नाहीत. तसंच गणित केलं तर सी ची शक्यता शून्य आणि त्याचं वजन उणे अनंत. म्हणजे पुढं कुठल्याही जागेत तिथं सी आला की बाकीचे एकोणीस बेस कितीही चोख असोत, जागा बाद. दहाच उदाहरणं पाहून एवढा कडक निकाल देणं बरोबर नाही. म्हणून प्रत्येक बेसच्या खात्यात थोडी आगाऊ भर घालतात, समजा पाव-पाव. मग टी ची शक्यता ९.२५ भागिले ११, म्हणजे ०.८४. जीनोममध्ये चारही बेस सारखे असतील तर टी चं वजन १.७५ बिट, ए चं उणे १.१४ आणि सी चं उणे ३.४६ येतं. सी ला दंड जबर बसतो, पण फाशी होत नाही.

हेच कोष्टक क्षयाच्या जीवाणूसाठी मांडलं की चित्र पालटतं. मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलॉसिसच्या एच३७आरव्ही वाणाच्या जीनोममध्ये जी आणि सी मिळून ६५.६ टक्के भरतात. तिथं टी मुळातच १७ टक्के, त्यामुळं मोटिफमधला टी जास्त बोलका ठरतो आणि त्याचं वजन १.७५ वरून २.२९ वर जातं. जी-सी ची वजनं मात्र उतरतात. पार्श्वभूमी बदलायला विसरून ई. कोलायच्या मापानं क्षयाचा जीवाणू मोजला, तर जी-सी नं भरलेला वाटेल तो तुकडा वरचा स्कोअर घेऊन येतो. प्रोग्रामला पार्श्वभूमीची फाइल द्यायची सोय असते. ती ज्या जीनोममध्ये शोधताय त्याच जीनोमची द्या.

कटऑफ किती ठेवायचा, याला ठरलेलं उत्तर नाही. मी तीन गोष्टी बघायला सांगतो. एक, ज्या जागांवरून मॅट्रिक्स केलं त्यांतली एकेक बाजूला काढून उरलेल्यांवरून पुन्हा मॅट्रिक्स करा आणि बाजूला काढलेलीला किती गुण मिळतात ते पाहा. खऱ्या जागांचे प्रामाणिक गुण ते. दुसरं, मॅट्रिक्सचे स्तंभ उलटसुलट करून, पण पलिंड्रोमची जोडी न मोडता, तेच चाळण पुन्हा चालवा. खऱ्या मॅट्रिक्सला ४० जागा आणि विस्कटलेल्यांना सरासरी ३५ मिळत असतील, तर तुमच्याकडं पाचेक जागांचंच भांडवल आहे. तिसरं मला सगळ्यात आवडतं, कारण ते फुकटात मिळतं: जनुकांच्या आधीच्या पट्ट्यात दर हजार बेसमागं किती जागा आणि जनुकांच्या पोटात किती, ते ताडून पाहा. दोन्हीकडं सारखीच गर्दी असेल, तर त्या कटऑफला मोटिफ काही सांगत नाहीये. आरओसीचा आलेख मात्र इथं फसवतो. नकारात्मक जागा लाखांनी असल्यानं तो नेहमीच देखणा येतो. त्यापेक्षा निवडलेल्यांपैकी खऱ्या किती, हे सांगणारा आलेख द्या.

शोधायचं कुठं, यातही पुष्कळ चुका होतात. ई. कोलायच्या जीनोमचा जवळपास ८८ टक्के भाग प्रथिनांच्या जनुकांनी व्यापलाय, आणि नियंत्रणाचा कारभार बहुतांशी उरलेल्या थोडक्या जागेत चालतो. शोध तेवढ्यापुरता ठेवला की लेक्स-ए च्या योगायोगाच्या ७१ जागा आठ-नऊवर येतात. मात्र प्रत्येक जनुकाच्या आधीचे तीन-चारशे बेस डोळे झाकून कापून घेऊ नका. लॅक ऑपेरॉनमध्ये तीन जनुकं एका प्रमोटरवर चालतात. दुसऱ्या-तिसऱ्या जनुकाच्या आधीचा तुकडा म्हणजे पहिल्याची शेपटीच. ऑपेरॉनचा अंदाज आधी घ्या आणि फक्त पहिल्या जनुकाचा वरचा भाग धरा. जनुक कुठून सुरू होतं याची नोंदही तपासा. नोंदीत सुरुवातीचा कोडॉन साठ बेस आधी दाखवलेला असेल, तर खरी जागा ‘जनुकाच्या आत’ पडते आणि यादीतून गळते. क्षयाच्या जीवाणूत जवळपास पाव आरएनए थेट सुरुवातीच्या कोडॉनपासूनच चालू होतात, त्यामुळं तिथं प्रमोटर कोडॉनला अगदी खेटून असतो. प्रकाशित झालेले आरएनए-सुरुवातीचे नकाशे मिळत असतील तर कोडॉनऐवजी तेच शून्य धरा.

जनुकाच्या आतलं सगळंच खोटं, असंही नाही. याकोब आणि मोनो यांनी १९६१ मध्ये ज्यावरून ऑपेरॉनची कल्पना मांडली, त्याच लॅक ऑपेरॉनचा दुसरा ऑपरेटर पहिल्यापासून सुमारे चारशे बेस पुढं, लॅक-झेड जनुकाच्या पोटात आहे. रिप्रेसर दोन्ही ऑपरेटर एकदम धरून मधला डीएनए वळवतो. म्हणून पोटातल्या जागा फेकू नका, वेगळ्या यादीत ठेवा आणि त्यांना जास्त कडक पुरावा मागा. अंतरही बघा. सीआरपी हे चालू करणारं प्रथिन लॅक प्रमोटरवर आरएनएच्या सुरुवातीपासून साडेएकसष्ट बेस आधी मध्य धरून बसतं, काही प्रमोटरवर साडेएकेचाळीस. तुम्हाला सापडलेली सीआरपीची जागा याच्या जवळपास असेल तर तिला वजन आहे. अडीचशे बेस दूर असेल तर थोडं थांबा.

आता उसनवारीबद्दल. नव्या जीवाणूत लेक्स-ए सारखं प्रथिन दिसलं की ई. कोलायचं मॅट्रिक्स उचलून तिथं चालवायचं, हा फार प्रचलित शॉर्टकट आहे आणि तो बऱ्याचदा खड्ड्यात नेतो. बॅसिलस सबटिलिसमधलं लेक्स-ए सीजीएएसी, चार बेस, जीटीटीसीजी असा नमुना ओळखतं. क्षयाच्या जीवाणूचंही त्याच घराण्यातलं. अल्फाप्रोटिओबॅक्टेरियांच्या गटात तर जीटीटीसी, सात बेस, पुन्हा जीटीटीसी अशी सरळ पुनरावृत्ती चालते, पलिंड्रोमही नाही. नाव एक, काम एक, ओळखायची अक्षरं मात्र वेगळी. म्हणून आधी दोन प्रथिनांचा डीएनएला भिडणारा भाग शेजारी ठेवून पाहा. तिथली अमिनो आम्लं जुळत नसतील तर मॅट्रिक्स उसनं घेऊ नका.

हाच धागा पकडून तुलनात्मक पद्धत उभी राहिली. मिखाइल गेल्फांड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून जीवाणूंसाठी नेटानं वापरली. योगायोगाची जागा एका जीनोममध्ये सापडेल, पण नात्यातल्या चार-पाच जीवाणूंत त्याच जनुकाच्या आधी पुन्हा-पुन्हा सापडणार नाही. गोम आहे ती नातं निवडण्यात. एच३७आरव्हीशी मायकोबॅक्टेरियम बोव्हिसचा जीनोम ९९.९५ टक्क्यांहून अधिक जुळतो. त्या दोघांत जागा ‘टिकून आहे’ म्हणणं म्हणजे एकाच पानाच्या दोन झेरॉक्स जुळवणं. तिथं मायकोबॅक्टेरियम मॅरिनम किंवा स्मेग्मॅटिस घ्या. ई. कोलायसाठी साल्मोनेला, क्लेबसिएला, यर्सिनिया अशी चढती अंतरं धरा. आणि ज्या जीनोममध्ये नियंत्रक प्रथिनच उरलेलं नाही तिथंही तीच जागा दिमाखात टिकलेली दिसली, तर ती कुणा दुसऱ्याचीच असण्याची शक्यता मोठी.

माहीत असलेली एकही जागा नसेल तर? मग एकत्र चालू-बंद होणाऱ्या जनुकांच्या आधीचे तुकडे घेऊन त्यांतला समान मोटिफ शोधायचा. मीम हा बेली आणि एल्कन यांनी १९९४ मध्ये मांडलेला प्रोग्राम त्यासाठी आजही उत्तम. प्रत्येक तुकड्यात मोटिफ असलाच पाहिजे असा हट्ट न धरणारा पर्याय निवडा. जीवाणूंतली बरीच नियंत्रक प्रथिनं जोडीनं बसतात, म्हणून एकदा पलिंड्रोमची अट घालून आणि एकदा न घालता चालवा. मग तेवढ्याच संख्येची जनुकं चिठ्ठ्या टाकून निवडा आणि तेच पुन्हा करा. त्यांच्यातूनही तितकाच ‘सुंदर’ मोटिफ निघाला तर पहिला विसरून जा. हे निघतं, आणि पुष्कळदा निघतं.

हे सगळं नीट जुळून आलेलं उदाहरण आपल्या जवळचं आहे. दिल्लीच्या एम्समधल्या जया त्यागी यांच्या गटानं क्षयाच्या जीवाणूतली डेव्ह-आर आणि डेव्ह-एस ही नियंत्रक जोडी पुढं आणली. हीच डेव्ह-आर दुसरीकडं डॉस-आर नावानं ओळखली जाते, तेव्हा शोधनिबंध दोन्ही नावांनी धुंडाळा, नाहीतर निम्मं साहित्य हातून जाईल. प्राणवायू कमी पडला की झपाट्यानं चालू होणाऱ्या जनुकांच्या आधी २० बेसचा एक मोटिफ सापडल्याचं २००३ मध्ये प्रसिद्ध झालं: टीटीएसजीजीजीएसीटीडब्ल्यू आणि त्याचं आरशातलं प्रतिबिंब. यात एस म्हणजे सी किंवा जी, डब्ल्यू म्हणजे ए किंवा टी. यातला जीजीजीएसी एवढाच तुकडा घेऊन जीनोमवर फिरलात, तर चारही बेस सारखे धरून योगायोगाचा अंदाज ८,६०० येतो. खरं जी-सी प्रमाण धरलं तर तो साडेसतरा हजारांवर जातो. कोल्हापुरात ‘पाटील’ एवढ्या नावावर माणूस शोधण्यातलाच प्रकार. पण संशोधक मोटिफवर थांबले नाहीत. डॉस-आर नसलेल्या जीवाणूत ती जनुकं प्राणवायू घटूनही चढत नाहीत, हे दाखवलं. अल्फा-क्रिस्टलिन जनुकाच्या आधी मोटिफच्या दोन प्रती होत्या. प्रथिन त्यांवर बसतं हे दाखवलं, मग त्या प्रतींमधले बेस बदलले. बांधणीही गेली आणि प्राणवायू घटल्यावरचा प्रतिसादही गेला.

तुमच्या यादीतून प्रयोगशाळेत काय पाठवायचं, ते या शेवटच्या पायरीवरून ठरवा. पहिल्या पाच जागा निवडू नका. वरच्या गुणांच्या दोन, मधल्या तीन, कटऑफच्या जरा खालच्या एक-दोन आणि जी नक्की नाही अशी एक, असा संच द्या. कटऑफ बरोबर होता का हे त्याशिवाय कळणार नाही. प्रथिन बसतं का हे जेलवर बघताना बदललेल्या जागेचा तुकडा शेजारच्या पट्टीत हवाच. शुद्ध प्रथिन भरपूर ओतलं तर ते कुठल्याही डीएनएला चिकटतं. आणि बसणं म्हणजे नियंत्रण नव्हे. २०१३ मध्ये क्षयाच्या जीवाणूतल्या ५० नियंत्रक प्रथिनांचा चिप-सेक पद्धतीनं काढलेला नकाशा आला. प्रथिनं बसलेली दिसतात अशा जागा त्यात पुष्कळ आहेत, पण प्रत्येकीशेजारचं जनुक त्या बसण्यामुळं हलतंच असं नाही. कमी गुणांची जागा निरुपयोगी असते असंही नाही. एसओएसमध्ये यूव्हीआर जनुकांवर लेक्स-ए सैल बसतं, म्हणून ती लवकर चालू होतात. सुल-ए आणि यूएमयू-डीसी वर ते घट्ट बसतं, ती उशिरा उघडतात. म्हणजे सैलपणाही कामाचाच आहे.

डीप लर्निंगबद्दल हल्ली प्रत्येकजण विचारतो. चिप-सेकच्या हजारो नोंदी असतील तर वापरा. पंधरा जागांवर न्यूरल नेटवर्क शिकवायला बसू नका, साधं मॅट्रिक्स तिथं पुरून उरतं. वापरलंच तर शिकवायच्या आणि तपासायच्या संचात एकाच प्रजातीचे जुळे वाण वाटले गेले नाहीत ना, हे बघा. नाहीतर ९९ टक्के अचूकता येते आणि ती पाठांतराची असते.

एक शेवटचं, कंटाळवाणं पण पीएचडीचे सहा महिने वाचवणारं काम. जीनोमच्या फाइलचा क्रमांक त्याच्या बिंदूनंतरच्या आकड्यासकट लिहून ठेवा. एमजी१६५५ ची दुसरी आवृत्ती ४६,३९,६७५ बेसची होती, तिसरी ४६,४१,६५२ ची. मधे १,९७७ बेसची वाढ झाली, आणि जिथं ती झाली त्याच्या पुढचे सगळे पत्ते सरकले. जुन्या शोधनिबंधातले जागांचे पत्ते नव्या फाइलवर लावले की लेक्स-ए ची जागा भलत्याच जनुकाच्या पोटात सापडते आणि मॅट्रिक्समध्ये कचरा भरतो. म्हणून पत्ता कधीच एकटा उतरवून घेऊ नका. जागेची वीस अक्षरं आणि दोन्ही बाजूंचे पन्नास-पन्नास बेस सोबत घ्या, आणि नव्या फाइलमध्ये त्या तुकड्यावरूनच जागा शोधा.